उंदराचे दोन तास, माणसाचे पाच तास: गर्भाच्या वाढीची लय कुठे ठरते?

तृणांकुर

उंदराचा गर्भ साधारण २० दिवसांत जन्माला येतो. माणसाला गर्भधारणेपासून २६६ दिवसांच्या आसपास लागतात. मोठा प्राणी म्हणून जास्त वेळ, असं म्हणून हा विषय बहुतेक वेळा तिथेच संपतो. मला मात्र कितीतरी वर्षं छळतंय ते वेगळंच. दोन्ही गर्भ डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढेच असतात, तेव्हाही उंदराचा भरभर आणि माणसाचा संथ चालत असतो. कामं तीच, क्रम तोच, जनुकंही बहुतेक तीच. बंदिश एक, लय वेगळी.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण पाठीच्या कण्याचं आहे. पुढे ज्यांतून मणके घडतात त्या पेशींच्या पुंजक्यांना सोमाइट म्हणतात. ते डोक्याकडून शेपटीकडे जोडीजोडीने तयार होत जातात, आणि दर जोडीला लागणारा वेळ प्रत्येक प्राण्यात ठरलेला असतो. झेब्राफिशमध्ये अर्धा तास, कोंबडीत दीड तास, उंदरात सुमारे दोन तास, माणसात सुमारे पाच. १९७६ साली जोनाथन कुक आणि गणितज्ञ क्रिस्टोफर झीमन यांनी मांडलं की या पेशींच्या आत एक घड्याळ असलं पाहिजे. १९९७ मध्ये ऑलिव्हिए पूर्किए यांच्या गटाला कोंबडीच्या गर्भात ते खरोखर सापडलं. एक जनुक दर ९० मिनिटांनी चालू-बंद होत होतं.

उंदरात आणि माणसात या घड्याळाच्या केंद्रस्थानी हेस७ नावाचं जनुक आहे. त्याच्यापासून प्रथिन बनतं. ते प्रथिन परत येऊन आपल्याच जनुकाला गप्प करतं. मग हळूहळू ते मोडतं, दाब सुटतो, जनुक पुन्हा चालू होतं. एक फेरी पूर्ण झाली की एक सोमाइट. जनुक तेच आणि फेरीही तीच असताना एका प्राण्यात दोन तास आणि दुसऱ्यात पाच का लागावेत? हा वेग नेमका कुठे ठरतो? ज्यांचा अभ्यास आहे, ज्यांनी काही वाचलंय, त्यांनी लिहावं. नुसती शंका असली तरी चालेल.

केतकी_र

सुंदर विषय. मला अजूनही आकाराचं उत्तर इतक्या लवकर सोडवत नाही. लहान प्राण्यांचं हृदय जलद, श्वास जलद, आयुष्य कमी. हत्तीणीचा गर्भकाळ २२ महिन्यांचा. वजन वाढत जाईल तसा चयापचयाचा वेग दर ग्रॅममागे कमी होत जातो, हे तर पक्कं मोजलेलं आहे. मग गर्भाचा वेगही त्यातूनच आला असेल ना?

तृणांकुर

केतकी, ढोबळ कल तुम्ही म्हणता तसाच आहे. पण हत्तीच्या कितीतरी पट मोठा निळा देवमासा वर्षाच्या आत, १० ते १२ महिन्यांत पिल्लू जन्माला घालतो. उलट टोकाला ओपोसम आहे. मांजराएवढा प्राणी, पण गर्भकाळ १२-१३ दिवसांचा. तिथे पिल्लू अर्धवट अवस्थेत बाहेर येतं आणि बाकीची वाढ आईच्या पिशवीत होते. म्हणजे जन्माचा दिवस ही वेगाची चांगली मोजपट्टी नाही, तो कुठे येतो हे प्रत्येक प्राण्याने आपापल्या गरजेने ठरवलंय. म्हणूनच मी सोमाइटकडे वळले. तिथे सगळे एकच काम करतात, त्यामुळे तुलना सरळ होते.

आकाराला सगळ्यात मोठा धक्का २०२३ मध्ये मिकी एबिसुया यांच्या गटाने दिला. त्यांनी सहा सस्तन प्राण्यांच्या मूळपेशींपासून, म्हणजे ज्यांतून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते अशा पेशींपासून, सोमाइटच्या आधीच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत तयार केल्या: उंदीर, ससा, गाय, गेंडा, माणूस आणि मार्मोसेट हे छोटं माकड. मार्मोसेट तळहातावर मावतं, गेंड्याचं वजन टनात मोजतात. पण घड्याळ सगळ्यात संथ निघालं ते मार्मोसेटचं, आणि गेंड्याचं माणसापेक्षाही जलद. घड्याळाचा काळ वजनाशी जुळला नाही. जुळला तो त्या प्राण्याच्या भ्रूणावस्थेच्या एकूण लांबीशी.

समीर_ज

तापमान विसरू नका. कीटकांवर काम करणारा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. फळमाशीला २५ अंशांवर अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण १० दिवस लागतात, १८ अंशांवर जवळजवळ दुप्पट. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३५ मध्येच रोजच्या तापमानांची बेरीज करून वाढीचा अंदाज बांधायची पद्धत मांडली होती. कीड कधी येईल हे सांगायला आजही त्याच पद्धतीचं सुधारलेलं रूप वापरतात. रासायनिक क्रिया गरम झाल्या की जलद होतात, गर्भ म्हणजे शेवटी रासायनिक क्रियाच.

यात मला विलक्षण वाटतं ते असं, की थंडीत माशीचा गर्भ संथ होतो पण बिघडत नाही. सगळे टप्पे एकाच प्रमाणात ताणले जातात. असंख्य क्रिया एकमेकींशी जुळवून संथ होतात आणि शेवटी तयार होते ती तशीच नीट माशी.

तृणांकुर

समीर, थंड रक्ताच्या प्राण्यांत ते पूर्ण मान्य. पण उंदीर आणि माणूस दोघांचंही शरीर ३७ अंशांच्या आसपास असतं, आणि बशीत दोघांच्या पेशी एकाच तापमानाला ठेवल्या तरी फरक तसाच राहतो. शिवाय तुमची माशी थंड, तरी तिचं सगळं जलद. सुरुवातीला तिच्या गर्भातली केंद्रकं नऊएक मिनिटांत दुप्पट होतात. ३७ अंशांत असलेल्या उंदराच्या पहिल्या पेशीचे दोन व्हायलाच जवळजवळ एक दिवस लागतो. तेवढ्यात माशीची अळी अंड्यातून बाहेर पडलेली असते.

ओंकार_भ

मूळ प्रश्नाचं थेट उत्तर २०२० मध्ये आलं, दोन वेगळ्या प्रयोगशाळांकडून, दोन वेगळ्या पेशींमधून. थोडं सविस्तर लिहितो, कारण या प्रयोगांची आखणीच सुंदर आहे.

संशय दोन ठिकाणी होता. एक, माणसाच्या हेस७ जनुकाच्या अक्षरांतच संथपणा लिहिलेला असेल. दोन, जनुक निर्दोष, त्याच्या भोवतीची पेशी संथ. मग सरळ उपाय म्हणजे अदलाबदल. एबिसुया यांच्या गटाने उंदरातलं हेस७ काढून तिथे माणसाचं बसवलं. घड्याळ माणसाचं झालं नाही, काळ जवळपास उंदराचाच राहिला. म्हणजे लय जनुकाच्या अक्षरांत नव्हती. मग त्यांनी फेरीचा एकेक टप्पा मोजला. माणसाच्या पेशीत हेस७ प्रथिन मोडायला जास्त वेळ लागतो, आणि जनुक वाचून प्रथिन तयार होईपर्यंतचा उशीरही जास्त. हे मोजलेले आकडे गणिती प्रतिकृतीत टाकले की दोन-तीन तासांचं घड्याळ पाच-सहा तासांचं होतं. वेगळं काही गृहीत धरावं लागत नाही.

दुसरं काम लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत जेम्स ब्रिस्को यांच्या गटाचं. त्यांनी मेरुरज्जूतले प्रेरक चेतापेशी, म्हणजे स्नायूंना हलवणारे, घेतले. उंदराच्या गर्भात ते घडायला तीन-चार दिवस, माणसाच्या गर्भात सुमारे दोन आठवडे. बशीतही माणसाच्या पेशी अडीच पट संथ. बाहेरून दिला जाणारा रासायनिक इशारा वाढवून पाहिला, माणसाच्या पेशी जलद झाल्या नाहीत. हे चेतापेशी घडवण्यात भाग घेणारं माणसाचं ओलिग२ जनुक उंदराच्या पेशीत घातलं, ते उंदराच्या वेळापत्रकाने चाललं. आणि मग तेच निरीक्षण: माणसाच्या पेशीत प्रथिनं जास्त काळ टिकतात. जुनं प्रथिन हटल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही, त्यामुळे टिकाऊपणा वाढला की सगळंच संथ होतं.

म्हणून माझं उत्तर: लय कुठल्याही एका जनुकात नाही. प्रथिनं किती वेगाने घडतात आणि मोडतात या पेशीच्या सर्वसाधारण स्वभावात ती आहे.

तृणांकुर

ओंकार, यासाठीच धागा काढला होता. एक भर घालते. पेशी आपली लय परक्या शरीरातही सोडत नाही, याचा पुरावा त्याच्याही आधीचा आहे. २००३ साली लावा, म्हणजे क्वेल, आणि बदक यांच्या गर्भांत चेहरा घडवणाऱ्या पेशींची अदलाबदल झाली. लावा १७ दिवसांत अंड्यातून बाहेर येतो, बदक २८ दिवसांत. बदकाच्या गर्भात बसवलेल्या लाव्याच्या पेशी लाव्याच्याच घाईने चालल्या आणि त्यांनी चोचही लाव्याची घडवली. शेजारच्या बदकाच्या पेशींनाही त्यांनी काही बाबतींत आपल्याबरोबर पळवलं. मला हे वाचून फार आनंद झाला होता, अजूनही होतो.

मीरा_पेशीघर

प्रयोगशाळेत माणसाच्या मूळपेशींपासून मेंदूतले चेतापेशी वाढवते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या जगण्यातला आहे. माणसाचे चेतापेशी बशीत प्रौढ व्हायला महिनोन्महिने घेतात. उंदराच्या मेंदूत रोपले तरी माणसाच्याच गतीने वाढतात, भोवतीचे उंदराचे पेशी केव्हाच पुढे गेलेले असतात. उतारवयातल्या मेंदूच्या आजाराचा अभ्यास करायचा असतो आणि हातात असतात अगदी बाळपेशी. ही वाट पाहणं मनावर येतं.

ओंकार यांनी लिहिलंय त्याच्या मागे काय असावं याबद्दल दोन कामं इथे यायलाच हवीत. बेल्जियममध्ये पिएर वान्डरहेगन यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं की माणसाच्या चेतापेशींत तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, खूप संथपणे वाढतात आणि कामाला लागतात. उंदरात ते भराभर होतं. त्यांनी माणसाच्या पेशींतलं तंतुकणिकांचं काम वाढवलं तेव्हा चेतापेशी लवकर प्रौढ झाले. दुसरं, लोरेन्झ स्टुडर यांच्या गटाचं २०२४ मधलं. चेतापेशी जन्मण्याआधी, त्याच्या पूर्वज पेशीतच, डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर काही रासायनिक खुणांचा अडसर बसवलेला असतो आणि तो हळूहळू, महिने घेत उतरतो. खुणा लावणारी विकरं (एन्झाइम) पूर्वज पेशीत थोडा काळ अडवली की पुढचे चेतापेशी लवकर प्रौढ होतात.

म्हणून चेतापेशींच्या बाबतीत फक्त प्रथिनांच्या मोडतोडीवर मी थांबणार नाही. सोमाइट तासांत घडतो, चेतापेशी वर्षांत. वर्षांचा हिशेब ठेवायला पेशीला अशी सावकाश उतरणारी खूण लागत असणार, असं मला वाटतं.

केतकी_र

मीराताई, तंतुकणिका म्हणजे पुन्हा चयापचयच आला की! मी सुरुवातीला तेच म्हणत होते, फक्त प्राण्याच्या वजनावरून.

ओंकार_भ

हो, पण जरा जपून. पूर्किए यांच्या गटाने २०२३ मध्ये उंदराच्या आणि माणसाच्या सोमाइटपूर्व पेशी मोजल्या. वजनाच्या प्रमाणात उंदराच्या पेशींचा चयापचय सुमारे दुप्पट. तंतुकणिकांतली श्वसनाची साखळी अडवली की घड्याळ संथ झालं. मग एका जिवाणूचं विकर माणसाच्या पेशीत घातलं, ज्याने एनएडी या रेणूच्या दोन रूपांचं प्रमाण बदलतं, आणि माणसाचं घड्याळ जलद झालं, प्रथिनं बनण्याचा वेगही वाढला. लक्षात घ्या, पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी कमी पडतंय म्हणून संथपणा होता असं नाही, किल्ली त्या दोन रूपांच्या प्रमाणात होती.

इथवर सगळं केतकी यांच्या बाजूने. पण तृणांकुर यांनी सांगितलेल्या सहा प्राण्यांच्या त्याच कामात चयापचयाचा वेगही मोजला होता, आणि तो घड्याळाशी नीट जुळला नाही. हेस७ च्या घडण्या-मोडण्याचा वेग मात्र सहाही प्राण्यांत जुळला. म्हणून मी असं मांडेन: चयापचय बदलला तर लय बदलते, हे सिद्ध आहे. पण सगळ्या प्राण्यांमधला फरक एकट्या चयापचयाने येतो, असं त्यावरून म्हणता येत नाही. पेशीतल्या रासायनिक क्रियांची यंत्रणा कोणत्या प्राण्यात किती प्रमाणात आहे, तो भागही धरायला हवा. त्या कामात या यंत्रणेच्या जनुकांचं प्रमाण घड्याळाच्या काळाबरोबर बदलताना दिसलं होतं.

आजोबा_६१

विज्ञानाचा माणूस नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. माझी नात सात आठवडे आधी जन्मली. आता छान आहे. पण तिच्या बरोबरीची बाळं बसायला लागली आणि ही बसत नव्हती तेव्हा घरात सगळे घाबरले होते. डॉक्टर म्हणाले, तिचं वय जन्मतारखेपासून मोजू नका. तुम्ही सगळे जे बोलताय ते हेच का?

तृणांकुर

आजोबा, हो, अगदी हेच. मेंदूची आणि स्नायूंची वाढ गर्भधारणेपासूनच्या वेळापत्रकावर चालू असते, लवकर जन्म झाल्याने ते पुढे सरकत नाही. म्हणून अशा बाळांसाठी सुधारित वय वापरतात, म्हणजे अपेक्षित तारखेपासून मोजलेलं, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कधी करायची हेही गर्भकाळाचे आठवडे धरूनच ठरवतात. फुप्फुसांनी श्वास घेणं, रक्ताभिसरणाची वाट बदलणं अशा काही गोष्टी मात्र जन्मानेच सुरू होतात, दिवस भरलेले असोत वा नसोत. नात तिच्या वेळापत्रकावर अगदी बरोबर होती. तिला खूप शुभेच्छा.

वनराई

तुम्ही सगळे पेशीच्या आतच फिरताय. रानात पाहिलं तर वाढीचा वेग बाहेरून किती बदलतो! १९१२ मध्ये गुडर्नाच यांनी बेडूकमाशांना अवटू, म्हणजे थायरॉइड, ग्रंथी खायला घातली, ते वेळेआधीच चिमुकले बेडूक झाले. वाळवंटातल्या स्पेडफूट बेडकाचं तळं आटायला लागलं की त्याचे बेडूकमासे रूपांतराची घाई करतात. काही जातींत आठेक दिवसांत पाण्याबाहेर. याउलट ॲक्सोलॉटल हा बेडकाचा शेपटीवाला नातेवाईक कल्ल्यांसकट पोरवयातच राहून प्रजनन करतो. आफ्रिकेतल्या टर्क्वॉइज किलीफिशची अंडी सुकलेल्या चिखलात महिनोन्महिने थांबून राहतात, आणि पावसाचं डबकं भरलं की मासा बाहेर पडून अवघ्या १४ दिवसांत प्रौढ होऊ शकतो.

आणि सिकाडा! अमेरिकेत १७ वर्षं जमिनीखाली राहणारे कीटक. वर्षातून दोनदा फुलणाऱ्या झाडांच्या मुळांवर त्यांची पिल्लं वाढवली तेव्हा ती एक वर्ष आधी बाहेर आली. म्हणजे ती झाडाचे हंगाम मोजत होती. यात प्रथिनांच्या मोडतोडीचा संबंध कुठे येतो?

समीर_ज

वनराई यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मला वाटतं इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक म्हणजे चालण्याचा वेग, दुसरी म्हणजे फाटक. बेडूकमासा बेडूक व्हायला थायरॉइड संप्रेरकाची वाट पाहतो, अळी कोशात जाण्याआधी ठराविक वजन होण्याची वाट पाहते, सिकाडा हंगामांची. हे सगळे थांबे आहेत. कुठला प्राणी फाटकाशी किती वेळ थांबेल यावर त्याच्या आयुष्याचं वेळापत्रक ठरतं. पण फाटक उघडल्यावर पेशी किती भरभर चालतील हा प्रश्न उरतोच.

फाटकांची जनुकं सगळ्यात आधी सापडली ती सी. एलिगन्स या एक मिलिमीटरच्या कृमीत. तिथे लिन-४ नावाचं जनुक बिघडलं की अळी पहिल्याच टप्प्यातली कामं पुन्हा पुन्हा करत राहते, पुढे जातच नाही. १९९३ मध्ये व्हिक्टर ॲम्ब्रोस यांनी दाखवलं की ते जनुक प्रथिन बनवतच नाही, अगदी छोटा आरएनए बनवतं. गॅरी रुव्हकुन यांनी दाखवलं की तो आरएनए लिन-१४ या दुसऱ्या जनुकाला कसा दाबतो. याच कामाला २०२४ चं नोबेल मिळालं. सूक्ष्म आरएनएचा शोध वाढीच्या टप्प्यांच्या अभ्यासातून निघाला, हे बातम्यांत कुठेतरी हरवूनच गेलं होतं.

वनराई

फाटक पटलं. पण मग रो हरणाचं काय? जुलै-ऑगस्टमध्ये मीलन, पिल्लू मे-जूनमध्ये. मधले जवळजवळ पाच महिने गर्भ एका बारीक गोळ्याच्या अवस्थेत असतो. बिशॉफ यांनी १८५४ मध्येच हे वर्णन केलं होतं. पण अलीकडे मोजलं तेव्हा कळलं की तो थांबलेला नसतोच. पेशी दोन-तीन आठवड्यांतून एकदा विभागतात. मग हे फाटक म्हणायचं की संथ चाल?

मीरा_पेशीघर

दोन्हींच्या मधलं, आणि म्हणूनच ते इतकं मौल्यवान आहे. २०१६ मध्ये उंदराच्या सुरुवातीच्या गर्भात एमटॉर नावाचा मार्ग औषधाने दाबला. पेशीला अन्न मुबलक आहे, प्रथिनं बनव, वाढ, असं सांगणारा हा मार्ग. तो दाबल्यावर गर्भ बशीत अनेक दिवस जिवंत थांबून राहिला आणि नंतर पुन्हा नीट वाढला. २०२४ मध्ये माणसाच्या मूळपेशींपासून बनवलेल्या गर्भासारख्या गोळ्यांतही तसा संथपणा आणता आला. म्हणजे वनराई यांचं हरीण आणि ओंकार यांचं घड्याळ जिथे भेटतात ती जागा प्रथिनं बनवण्याचीच आहे. बाहेरचं अन्न, संप्रेरक, ऋतू यांचा निरोप बऱ्याचदा शेवटी तिथेच येऊन पोचतो.

केतकी_र

एक शेवटचं विचारते. घड्याळ जलद करता येतं असं दिसतंय. मग खऱ्या, जिवंत गर्भात ते जलद केलं तर काय होतं? प्राणी नुसता लवकर तयार होतो का?

ओंकार_भ

ते करून पाहिलेलं आहे, क्योटोत र्योइचिरो कागेयामा यांच्या गटाने. जनुकात मध्ये इंट्रॉन नावाचे तुकडे असतात, जे वाचून मग कापून टाकावे लागतात, आणि त्यात वेळ जातो. उंदराच्या हेस७ मधले सगळे इंट्रॉन काढले तेव्हा उशीर इतका कमी झाला की घड्याळाची चालू-बंदच थांबली आणि मणके एकमेकांत मिसळून गेले. म्हणजे तो उशीर घड्याळासाठी आवश्यकच आहे. २०१३ मध्ये त्यांनी तीनपैकी दोनच इंट्रॉन काढले. आता घड्याळ चाललं, आणि आधीपेक्षा जलद चाललं.

पण उंदीर लवकर जन्मला नाही. बाकीच्या गर्भाची वाढ आपल्याच वेगाने चालू होती आणि त्यात मणक्यांचे ठोके मात्र जवळजवळ पडायला लागले. त्यामुळे मानेत आणि छातीच्या वरच्या भागात मणके जास्त झाले. कॉर्न स्नेकमध्ये निसर्गाने नेमकं हेच प्रमाण बदललंय. त्याचं घड्याळ तासांत मोजलं तर कोंबडीच्याच आसपासचं आहे, पण वाढीच्या वेगाशी ताडून पाहिलं तर कितीतरी जलद, म्हणून उंदराच्या ६५च्या आसपास सोमाइटांच्या जागी सापाला ३०० च्या वर मिळतात.